नसलेला माल विकताना: शॉर्ट कसं मारायचं

हळदीच्या सीझनमध्ये माझ्या मोबाइलच्या काचेवर कायम पिवळा डाग असतो. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे, एकवीस वर्षं झाली. सकाळी सौदे निघाले की हळकुंड मोडून बघायचं, भाव लिहून घ्यायचा, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचा हिशोब, करायची, आणि मधल्या वेळात खिशातून फोन काढून शेअर बाजारावर नजर टाकायची. परवा विश्रामबागेतला भाचा दुकानात येऊन माझ्या गादीवरच बसला. म्हणाला, "मामा, मार्केट रोज पडतंय. शॉर्ट कसं मारायचं सांगा की." हातात फोन, अंगठा लाल 'सेल'वर. मी म्हटलं, "आधी तो अंगठा काढ तिथनं."

मग तासभर जे सांगितलं ते इथं लिहितोय. त्याला तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

नसलेला माल विकणं सांगलीकराला नवं नाही. हळदीच्या वायद्याचं एक्स्चेंज या गावात कित्येक वर्षं होतं. व्यापारी मार्चमध्ये एखाद्या पार्टीला सांगतो, अमुक भावानं शंभर पोती देतो. पोती त्याच्याकडे नसतात. त्याचा हिशोब असा की आवक वाढेल, भाव मोडेल, तेव्हा स्वस्तात घेऊ आणि देऊ. मोडला तर मधला फरक त्याचा. पण कुठून तरी मागणी निघाली आणि भाव चढला, तरी पोती द्यावीच लागतात, मिळेल त्या भावानं घेऊन. शॉर्ट सेलिंग म्हणजे हेच. आधी विकायचं, नंतर घ्यायचं. विकायला एक बटण पुरतं. सगळी कसोटी परत घेण्यात आहे, आणि नवीन माणूस नेमका त्याच भागाचा विचार करत नाही.

४०० चा शेअर घेतला तर जास्तीत जास्त ४०० जातील, कंपनी बुडाली तरी. ४०० ला शॉर्ट केला तर फायदा फार तर ४००, तेही शेअर शून्यावर गेला तरच. तोट्याला मात्र वर छप्पर नाही. शेअर ६०० ला जाऊ शकतो, ९०० ला जाऊ शकतो. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "एका दिवसात कुठं जातंय?" त्याचं उत्तर पुढं येईल, माझ्याच खिशातून गेलेल्या पैशांसकट.

आता नियम. आपल्याकडे कॅश मार्केटमध्ये, म्हणजे खरे शेअर घेण्या-विकण्याच्या बाजारात, साध्या माणसाला शॉर्ट करायचं तर ते त्याच दिवशी मिटवावं लागतं. सकाळी विकलं, बाजार बंद व्हायच्या आत घेतलं, संपलं. आज विकून पुढच्या आठवड्यात घेऊ, हे कॅशमध्ये चालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी समोरच्याला शेअर द्यायचे असतात. २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या शेअर्सचा व्यवहार एका दिवसात पुरा होतो. शेअर न देताच विकून बसणं सेबीला, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, मान्य नाही. उसने शेअर घेऊन शॉर्ट करायची सोयही आहे, २००८ पासून, एसएलबी म्हणतात तिला. पण तिथं सौदे फार थोडे होतात आणि सगळे ब्रोकर ती देतही नाहीत. तिचा नाद तूर्त सोडा.

ऑर्डर टाकताना सगळ्यात आधी प्रॉडक्ट बघायचा. काही ॲपमध्ये 'इंट्राडे' (त्याच दिवशी मिटवायचं) आणि 'डिलिव्हरी' (शेअर खरोखर द्यायचे-घ्यायचे) लिहिलेलं असतं, काहींमध्ये एमआयएस आणि सीएनसी. शॉर्टसाठी इंट्राडे, म्हणजे एमआयएस. डिलिव्हरीत नसलेला शेअर विकायला गेलात तर बहुतेक ब्रोकर ऑर्डर रिजेक्ट करतात, तेवढी काळजी ते घेतात. उलटी चूक जास्त महागात पडते. शेजारच्या बेदाण्याच्या दुकानातल्या दिवाणजींना मुलीच्या लग्नासाठी स्वतःकडचे पन्नास शेअर विकायचे होते. घाईत इंट्राडेवर राहिलं. त्यांना वाटलं शेअर विकले. सिस्टिमनं धरलं की यांनी शॉर्ट केलंय. दुपारी ब्रोकरनं आपोआप पन्नास परत घेतले, तेही तीन रुपये वर. दीडशे रुपये आणि चार्जेस गेले, शेअर डिमॅटमध्ये जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी ते मला विचारतात, पैसे का आले नाहीत.

शेअर कुठला घ्यावा यावर माझं मत कडक आहे. फ्युचर-ऑप्शनच्या, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे ज्यांत होतात त्यांच्या, यादीत असलेलाच शेअर शॉर्टला घ्यायचा: स्टेट बँक, आयटीसी, इन्फोसिस, रिलायन्स या जातीचे. त्यात उलाढाल भरपूर, घेणारा-विकणारा कायम समोर उभा. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना बाकीच्यांसारखी सर्किटची, म्हणजे दिवसाच्या भाव-हद्दीची, पक्की भिंत नसते. भाव एका हद्दीला भिडला की ती हद्द थोड्या वेळानं पुढं सरकवतात, सौदे चालू राहतात. बाकीच्या शेअर्सना २, ५, १० किंवा २० टक्क्यांची हद्द असते आणि ती लागली की त्या दिवशी भाव त्यापुढं जात नाही. ट्रेड-टू-ट्रेडमधल्या शेअरला, एनएसईवर ज्याच्या नावापुढं 'बीई' दिसतं, त्याला तर इंट्राडे चालतच नाही.

हद्द लागते म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका.

२०२३ चा पावसाळा. एक छोटी कंपनी, नाव नको. आदल्या दिवसाचा बंद भाव २००. सकाळी शेअर उगाच उसळून २०८ ला आला. मला वाटलं, यात काही दम नाही, खाली येईल. ३०० शेअर २०८ ला शॉर्ट केले. ६२,४०० चा सौदा, मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, पंचवीस हजारांच्या आसपास अडकलं. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरल्या जागी थांबवणारी ऑर्डर, टाकला नाही, कारण समोर पट्ट्या करायला पाच शेतकरी उभे होते आणि "नंतर टाकू" म्हटलं. एक-चाळीसला फोन बघितला तर २२०. दहा टक्क्यांचं अप्पर सर्किट. घेणाऱ्यांच्या रांगेत लाखो शेअर, विकणाऱ्याच्या बाजूला शून्य. मी २२० ला घ्यायची ऑर्डर टाकली, ती त्या रांगेच्या शेपटीला जाऊन बसली. ब्रोकरची आपोआप पोझिशन कापणारी यंत्रणासुद्धा काय करणार? विकणाराच नाही. साडेतीन वाजले आणि माझ्या नावावर वजा ३०० शेअर तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी समोरच्याला द्यायला माझ्याकडे शेअर नव्हते. अशा वेळी एक्स्चेंज तुमच्या वतीनं ऑक्शन लावतं, म्हणजे तुमच्या खर्चानं कुणाकडून तरी शेअर मिळवतं. आमच्या यार्डातल्या सौद्यासारखंच, फक्त इथं तुम्हाला बोली लावायची मुभा नाही. तो शेअर दुसऱ्या दिवशीही सर्किटला, २४२ वर बंद. ऑक्शनमध्ये भाव निघाला २५१. शेअरमागं ४३ रुपये, तीनशे शेअर, १२,९०० रुपये. ऑक्शनचा खर्च वेगळा. त्यातही मी सुटलो म्हणायचं. ऑक्शनमध्ये कोणी विकायलाच आला नाही तर क्लोज-आउट होतं. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सगळ्यात वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावाच्या वर २० टक्के, यातला जो जास्त तो लावतात. माझ्या बाबतीत तो २९० च्या वर गेला असता. घरी सौभाग्यवतींना आकडा सांगितला नाही, तिनं बँकेच्या मेसेजवरून काढला.

भाचा एवढं ऐकून गप्प झाला. मग खरी रीत सांगितली.

समजा एक चांगला शेअर ४०० वर आहे. आधी नग ठरवायचे नाहीत. आधी ठरवायचं, आज चुकलो तर किती गेले तरी झोप लागेल. भाचा म्हणाला हजार. ठीक. आता चूक झाली हे कुठं कबूल करायचं? आदल्या तासात शेअर ४०५ वरून तीनदा माघारी आलाय, तर ४०६ पार झाल्यावर आपलं म्हणणं चुकलं. घाईत दोन रुपये इकडं-तिकडं होतील, म्हणून ४०८ धरा. शेअरमागं आठ रुपये धोका, हजाराला आठनं भागलं, १२५ शेअर. मार्जिनवर किती बसतात हे विचारायचंच नाही. इंट्राडेला साधारण वीस टक्के मार्जिन लागतं, म्हणजे १२५ शेअरच्या पन्नास हजारांच्या सौद्याला दहा हजार. भाच्याच्या खात्यात चाळीस हजार होते, तो पाचशे शेअर मारायला निघाला होता. तेवढ्यात आठ रुपयांची चूक म्हणजे चार हजार.

सेलची स्क्रीन उघडा. इंट्राडे. नग १२५. लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची, भाव ४००. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, नको, निदान आत शिरताना तरी. ऑर्डर पुरी झाली की पोझिशनमध्ये नग 'वजा १२५' असा दिसेल. ते वजाचं चिन्ह बघायची सवय लावा. ते जोवर आहे तोवर तुम्ही कुणाचं तरी देणं लागता.

आणि चहा सांगायच्या आधी, कुणाशी बोलायच्या आधी, दुसरी ऑर्डर. ती 'बाय'ची. इथं नवीन माणूस गोंधळतो, कारण त्याला स्टॉपलॉस म्हणजे विकणं एवढंच माहीत असतं. आपण विकून बसलोय, म्हणून आपला स्टॉपलॉस घेण्याचा, आणि तो भावाच्या वर लागतो. प्रकार एसएल (स्टॉपलॉस), प्रॉडक्ट इंट्राडे, नग १२५, ट्रिगर ४०६, लिमिट ४०८. भाव ४०६ ला लागला की तुमची ऑर्डर जागी होते आणि ४०८ पर्यंत जो मिळेल त्याच्याकडून घेते. ट्रिगर आणि लिमिट एकच ठेवू नका. भाव उडी मारून पुढं गेला तर ऑर्डर मागं लोंबकळत राहते आणि तुम्ही निर्धास्त बसता. एसएल-एममध्ये लिमिट नसते, मिळेल त्या भावाला सुटका होते. पण तो प्रकार सगळीकडे मिळतोच असं नाही.

भाव आपल्या बाजूनं खाली आला तर ट्रिगर खाली आणत चला. ३९६ झाला की मी ट्रिगर ४०१ वर आणतो. वर कधीही सरकवत नाही. "अजून थोडी जागा देऊ" असं मन म्हणतं, तेव्हा ते मन नसतं, आपला अहंकार असतो, असं आमचे जुने शेठ हळदीबद्दल म्हणायचे.

बाहेर पडताना ३९४ ची साधी लिमिट बाय टाकलीत आणि ती पुरी झाली. वजा गेला, पोझिशन शून्य. पण ती एसएल ऑर्डर अजून जिवंत आहे! ती हातानं रद्द करायची. नाही केली आणि दुपारी शेअर परत ४०६ ला गेला, तर ती जागी होऊन १२५ शेअर घेऊन टाकेल. आता तुम्ही शॉर्ट नाही, उलट तेजीत अडकलेले, तेही दिवसाच्या वरच्या भावाला. हे मी दोनदा केलंय. पहिल्यांदा नशिबानं फायदा झाला, त्यामुळं दुसऱ्यांदा झालं.

वेळेचं एक. ब्रोकर बाजार बंद व्हायच्या थोडं आधी सगळ्या इंट्राडे पोझिशन स्वतः कापतो. प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि पुष्कळजण त्याचे वेगळे पैसे लावतात. ती वेळ आपली नाही. तीनच्या ठोक्याला माझी पोझिशन शून्य असते. शॉर्टची पोझिशन डिलिव्हरीत बदलून घेऊ असाही मार्ग नाही, द्यायला शेअर कुठं आहेत?

कधी मारायचं, याचं ज्ञान वाटणारे गल्लोगल्ली आहेत, मी त्यात पडत नाही. दोनच गोष्टी पाळतो. पहिला अर्धा तास हात लावत नाही, तेव्हा आमच्याकडे सौदे चालू असतात आणि बाजारातही नुसता गोंगाट असतो. आणि निफ्टी वर असताना जो शेअर वर जायला कुरकुर करतो, तोच बघतो. आधीच सात टक्के पडलेल्या शेअरला शॉर्ट करणं म्हणजे गाडी सुटल्यावर मिरज स्टेशनवर पळत जाणं. कंपनीच्या निकालाच्या दिवशी तर नाहीच.

आता खर्च. ४०० ला १०० शेअर विकले, ३९४ ला घेतले. फायदा ६०० दिसतो. डिस्काउंट ब्रोकर साधारण वीस रुपये किंवा ०.०३ टक्के, यात जे कमी ते प्रत्येक ऑर्डरला घेतात. इथं दोन्ही मिळून चोवीस रुपये. विकलेल्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी, सौद्यावरचा सरकारी कर, म्हणजे दहा रुपये. एक्स्चेंजचे, स्टॅम्प ड्युटी, ब्रोकरेजवर १८ टक्के जीएसटी. सगळं धरून चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे शेअर निदान पंचेचाळीस पैसे पडल्याशिवाय तुमचं काहीच नाही. दिवसात आठ वेळा आत-बाहेर करणाऱ्याचं काय होतं, तो आकडा त्यानंच काढावा. सेबीनं जुलै २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासात २०२२-२३ सालात कॅशमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झालेला दिसला, आणि तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. भाचा पंचवीसचा.

एका दिवसापेक्षा जास्त मंदीत राहायचं असेल तर फ्युचर (ठरल्या तारखेचा, ठरल्या भावाचा वायदा) विकणं किंवा पुट (ठरल्या भावानं विकायचा हक्क) घेणं, हे दोन रस्ते. फ्युचरचा एक लॉट, म्हणजे कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, काही लाखांचा असतो, रोज संध्याकाळी नफा-तोटा खात्यात टाकला-काढला जातो, आणि रात्रीत अमेरिकेत काय झालं त्याचं उत्तर सकाळी सव्वानऊला तुम्हाला द्यावं लागतं, मध्ये स्टॉपलॉस कामाला येत नाही. शिवाय शेअरचे फ्युचर एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे वायदा संपायच्या दिवसापर्यंत, तसेच ठेवले तर खरेखुरे शेअर द्यावे लागतात. एनएसईवर आता ती एक्स्पायरी महिन्याचा शेवटचा मंगळवार, पूर्वी गुरुवार होता. पुट घेतला आणि एक्स्पायरीआधी विकून मोकळे झालात, तर फार तर प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, जातो, त्यापलीकडे नाही. पण तो प्रीमियम उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा रोज वितळतो, शेअर पडला तरी उशिरा पडला तर काही उपयोग नाही. दोन्हींत पडायचं तर सेबीचा दुसरा आकडा पण वाचा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात.

टॅक्सचं बहुतेक लोक मार्चनंतर विचारतात. इंट्राडेचा नफा हा शेअरमधला भांडवली नफा धरत नाहीत, तो सट्ट्याचा धंदा धरतात, आणि तुमच्या पगारात किंवा शेतीबाहेरच्या उत्पन्नात मिसळून त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. तोटा मात्र फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा करता येतो, पुढं चार वर्षं नेता येतो, तेही रिटर्न वेळेत भरलं तर. फ्युचर-ऑप्शनचा तोटा आठ वर्षं नेता येतो. त्यामुळं दोन्हींची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं पाठवलेला दिवसाच्या सौद्यांचा हिशोब, वेगळ्या फोल्डरला ठेवा. रोज संध्याकाळी ती ईमेलला येते. मी छापून फाइलला लावतो, दिवाणजीची सवय.

भाच्याला मी सांगितलं, पहिला महिना दहा शेअरच्या वर जायचं नाही, पैसे मिळवायला नाही, बोटांना वळण लागायला. बुधवारी अकराला त्याचा फोटो आला. ४१२.५० ला दहा विकले, ४१०.२० ला घेतले. तेवीस रुपये, खर्च जाऊन अठरा-एकोणीस. लगेच फोन.

"मामा, झालं की! चहा आमच्याकडं."

"बरं केलंस. एसएल रद्द केलास?"

तिकडून काही आवाज नाही. मग, "थांबा हं एक मिनिट," आणि फोन कट.